रिकामी पिशवी परत कशी द्यायची?

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळात कुणी नवीन भेटलं की आधी "तुम्ही मूळच्या कुठल्या?" आणि त्यापाठोपाठ "जॉब कुठे?" हे दोन प्रश्न ठरलेले. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, नागपूरची. दुसऱ्याचं उत्तर मला आता रिटायर झाल्यावरही नीट देता येत नाही. "क्लिनिकमध्ये होते," म्हटलं की समोरचा खुलतो. "अरे वा, डॉक्टर?" नाही. "नर्स?" नाही. "मग बिलिंगला असाल." तेही नाही. एव्हाना तो माणूस सामोशांच्या टेबलाकडे बघायला लागलेला असतो. एकदा एका काकांनी मात्र चिकाटीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही लोकांच्या घरच्या चौकशा करता आणि त्याचा तुम्हाला पगार मिळतो?" तेव्हा मला राग आला होता. घरी जाऊन विचार केला, तर त्यांचं काही चुकलं नव्हतं.

वूस्टरच्या त्या क्लिनिकमध्ये मी दुभाषी म्हणून शिरले आणि पुढे एका लांबलचक इंग्रजी हुद्द्याची मालकीण झाले. तो हुद्दा बाजूला ठेवू. डॉक्टरांनी दिलेलं औषध पेशंटच्या घरी पोचल्यावर लागू का पडत नाही, ते शोधायचं, हे माझं काम. इन्सुलिन दिलं, पण वीज कापल्यामुळे फ्रिजच बंद आहे. दम्याचा पंप दिला, पण झोपायच्या खोलीतल्या भिंतीला बुरशी लागली आहे आणि घरमालक फोन उचलत नाही. दर आठवड्याला तपासायला या म्हटलं, पण गावात बस नाही आणि बाईकडे गाडी नाही. अशा वेळी डॉक्टर औषध बदलत बसतात, आणि आम्ही घरमालकाला फोन करत बसतो.

मग एके वर्षी वरून फतवा निघाला की प्रत्येक पेशंटला त्याच्या परिस्थितीबद्दल प्रश्न विचारायचेच. घरात खायला पुरतं का? भाडं थकलंय का? यायला-जायला गाडी आहे का? घरात भीती वाटते का? अडीअडचणीला हाक मारायला कुणी आहे का? प्रश्न उत्तम होते. घोळ एवढाच, की प्रश्न आधी आले आणि मदत मागाहून यायची होती. सुरुवातीचे काही महिने आम्ही नुसते विचारत सुटलो होतो. ऑक्सिजनची नळी नाकात घातलेला एक म्हातारा गोरा माणूस मला म्हणाला, "हो, माझं घर जाणार आहे. आता बोल, तू काय करणार?" माझ्याकडे एक माहितीपत्रक होतं, ते मी त्याला दिलं. त्याने ते उलटसुलट बघितलं, शांतपणे चार घड्या घातल्या आणि वेटिंग रूममधल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. टेबल हलायचं थांबलं. त्या पत्रकाचा तेवढाच उपयोग झालेला मी पाहिला आहे.

आणखी एक आठवतो, पुण्याचा आयटीवाला मुलगा. छातीत धडधडतं म्हणून आला होता. घर जायची काळजी वाटते का, असं मी विचारलं तर म्हणाला, "मावशी, घराचं टेन्शन नाहीये. लेऑफ झालाय. नवीन जॉब मिळाला नाही तर व्हिसा जाईल, म्हणजे कंट्रीच जाईल. त्याला ऑप्शन आहे का तुमच्याकडे?" नव्हता. अडचणीला कुणाला फोन करशील, या प्रश्नावर त्याने बराच विचार करून आपल्या जुन्या मॅनेजरचं नाव सांगितलं, ज्याने त्याला काढलं होतं त्याचंच. मी त्याला आमच्या घरी जेवायला बोलावलं. ते नियमात बसत होतं की नाही, कोण जाणे.

बाकी आपल्या मराठी पेशंटांना मात्र कधी काही कमी नसे. खायला पुरतं का? "हो, भरपूर." एकटं वाटतं का? "छे हो." मदत हवी का? "नको, नको." डॉक्टर खूश व्हायचे, की चला, या मंडळींची तरी काळजी नाही. मला ते पटत नसे. मी अशा घरात वाढले जिथे पाहुण्याने पहिल्या "नको"वर ताट ओढून घेतलं तर यजमानाला अपमान वाटतो. आपला पहिला नकार हा शिष्टाचार असतो, खरं उत्तर तिसऱ्या आग्रहानंतर येतं. क्लिनिकचा कॉम्प्युटर एकदाच विचारतो. "नको" म्हटलं की पुढच्या प्रश्नाकडे जातो.

असेच एक "नको"वाले पेशंट म्हणजे चौगुले काका.

काका इचलकरंजीचे. यंत्रमागांच्या गावात वाढलेले, यंत्रांची ड्रॉइंग काढण्यात हुशार. वूस्टरकडे पूर्वी मागाची यंत्रं बनवणारे कारखाने होते, त्यातल्या एकात ड्राफ्ट्समन म्हणून ते फार वर्षांपूर्वी आले. कारखाना बंद पडला. मग त्यांनी पेट्रोल पंपावर, औषधाच्या दुकानात, मिळेल ते काम केलं. माझी गाठ पडली तेव्हा ते आणि वत्सला काकू शेजारच्या श्रूजबरी गावाच्या कडेला, वृद्धांसाठीच्या सरकारी इमारतीत राहत होते. मुलगी कॅलिफोर्नियात, तिला फोनवर "सगळं छान" सांगायचं. आमच्या मंडळातल्या लोकांना विचारलं असतं, तर अमेरिकेत मराठी माणूस सरकारी घरात राहतो यावर त्यांचा विश्वास बसला नसता. काका-काकू दिवाळीच्या कार्यक्रमाला यायचे बंद झाले होते. आमच्याकडे पॉटलक असतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून न्यायचा. हात हलवत कसं जायचं?

काकांना मधुमेह. दर महिन्याच्या शेवटी त्यांची साखर एकदम खाली जायची आणि ॲम्ब्युलन्स बोलवावी लागायची. डॉक्टरांनी इन्सुलिन कमी केलं, तर महिन्याच्या सुरुवातीला साखर आभाळाला भिडली. वाढवलं, तर महिनाअखेरीला पुन्हा ॲम्ब्युलन्स. डॉक्टर चक्रावून मला म्हणाले, "मीनल, घरी जाऊन बघून ये."

मी गेले. काकूंनी दार उघडलं, "ये बाळ," म्हणून आत घेतलं, आणि मी खुर्चीत टेकते न टेकते तोच माझ्यासमोर गरम पोह्यांची बशी ठेवली. वर खोबरं, कोथिंबीर. मी म्हटलं, "तुम्ही?" काकू म्हणाल्या, "आम्ही आत्ताच खाल्लं." काका खिडकीतून पार्किंग लॉटकडे बघत होते. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले. सिंक कोरडं, भांडी पालथी. कढई एकच, ती पोह्यांची. आत्ता काही खाल्ल्याची खूण त्या घरात कुठेही नव्हती.

आता आली पंचाईत. बशी परत केली तर त्यांचा अपमान, खाल्ली तर मी काकांचं जेवण खातेय. शेवटी आमच्या आईची युक्ती केली. "काकू, एवढे मला जाणार नाहीत, टाकून द्यायला लावू नका," म्हणत हात लावायच्या आत दुसऱ्या बशीत अर्धे काढले आणि काकांसमोर ठेवले. काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं. मग ते खायला लागले, आणि इतक्या भराभर खाल्ले की मला मान वर करवेना.

स्वयंपाकघरात मी हळूच विचारलं, "काकू, महिन्याच्या शेवटी कसं करता?"

"अगं, म्हातारी माणसं आम्ही. आम्हाला लागतं किती!"

आमच्या लोकांकडून याहून स्पष्ट उत्तर मिळत नाही. गोष्ट साधी होती. भाडं, औषधं आणि फोन यातून पेन्शन शेवटच्या आठवड्यापर्यंत पुरत नव्हतं. काका ड्रॉइंगवाले, शिस्तीचे. डॉक्टरांनी लिहिलंय तेवढं इन्सुलिन घेणारच, मग पोटात अन्न असो वा नसो.

सुदैवाने तोपर्यंत आमच्याकडे माहितीपत्रकापलीकडे काहीतरी आलं होतं. अशा पेशंटांसाठी दर गुरुवारी घरपोच खोका. भाज्या, डाळी, ओट्स, तांबडा तांदूळ, दही, फळं. हे सगळं एका जाड निळ्या थंडाव्याच्या पिशवीत यायचं. ड्रायव्हर भरलेली पिशवी द्यायचा आणि मागच्या आठवड्याची रिकामी घेऊन जायचा. काकू अर्थातच म्हणाल्या, "नको गं, गरजू लोकांना दे." मी तीनदा आग्रह केला. चौथ्यांदा म्हटलं, "तुमच्या नावाने आलंय, परत गेलं तर कचऱ्यात जाईल." अन्न वाया जाणं आमच्या पिढीच्या वरच्या कुणालाही सहन होत नाही. झालं, खोका सुरू झाला.

दुसऱ्याच गुरुवारी हेक्टर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हेक्टर म्हणजे आमचा ड्रायव्हर, मूळचा पोर्टो रिकोचा, दारात उभा राहिला तर दार भरून जाईल असा माणूस. त्याच्या हातात स्टीलचा डबा होता. झाकणावर टोचून नाव घातलेलं, सौ. वत्सला चौगुले.

"मीनल, हे त्या पिशवीत होतं. काढून घ्यायला विसरली का ती?"

मी उघडलं. थालीपिठं, आणि एका कोपऱ्यात शेंगदाण्याची चटणी. ओट्स आणि किसलेलं गाजर खोक्यातलंच असणार.

"विसरली नाही. तुझ्यासाठी आहे."

"का? मी काय केलं?"

हे काय समजावायचं? आमच्याकडे शेजारणीचा डबा आला तर तो रिकामा परत जात नाही, एवढं मी सांगितलं. त्याने उभ्या उभ्या दोन थालीपिठं संपवली, चटणीने डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाला, "हा कायदा चांगला आहे."

मग दर गुरुवारी डबा यायला लागला. कधी कोबीच्या वड्या, कधी मुगाचे लाडू. फ्रंट डेस्कच्या मुली गुरुवारी जेवणाचे डबे आणेनात. मला बरं वाटायचं, पण हिशोब जुळत नव्हता. आम्ही पाठवलेलं अन्न पेशंटच्या घरून आमच्याच पोटात येत होतं! खोका नक्की कुणाला पोसत होता? पण काका त्या काळात ॲम्ब्युलन्समधून आले नाहीत, हेही खरं. खोक्यातलं थोडं देऊन काकू उरलेलं मोकळ्या मनाने खात असतील, असं मी धरून चालले. बरोबर होतं का ते, कुणास ठाऊक.

ही मजा आमच्या मॅनेजर डेनिसच्या नाकापर्यंत पोचायची होतीच. वास फोडणीचा होता. डेनिस मनाने चांगली बाई, तिच्याशी माझं कधी वाकडं नव्हतं. तिने मला बोलावून सांगितलं, की पेशंटकडून आपण काहीही घ्यायचं नाही, हा नियम आहे. नियम चुकीचा नव्हता. जो देतो त्याची जास्त काळजी घेतली जाते, असं एकदा पेशंटांना वाटायला लागलं की ज्यांच्याकडे द्यायला काही नाही ते यायचे बंद होतात. हे मी स्वतःच नव्या मुलींना शिकवत असे. तरी मी डेनिसला आपल्या डब्याची रीत सांगितली. तिने मन लावून ऐकली आणि म्हणाली, "किती सुंदर. पण तिला सांग ना, याची काही गरज नाही."

मी काकूंना जाऊन सांगितलं, की क्लिनिकचा नियम आहे, हेक्टरची नोकरी जाईल, तुम्ही काही देऊ नका. शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं. काकू "बरं" म्हणाल्या. त्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही, आणि तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पुढच्या गुरुवारी भरलेली पिशवी तशीच परत आली. "नो थँक यू, वी हॅव प्लेंटी," असं काकूंनी दारातूनच हेक्टरला सांगितलं होतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. कॉम्प्युटरवर त्यांच्या नावापुढे आलं, पेशंटने मदत नाकारली. मी फोन केला. काकू म्हणाल्या, "आमची सोय झालीय गं. मुलीने पाठवलंय सगळं." मी आग्रह केला, एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा त्यांनी "ठेवते हं" म्हणून फोन ठेवला. आग्रहाची माझी सगळी विद्या तिथे संपली. हा शिष्टाचाराचा "नको" नव्हता, एवढं कळलं. पण मग कसला होता, ते कळेना.

महिनाअखेरीला काका इमारतीच्या लाँड्री रूममध्ये कोसळले. काकूंनी प्रसंगावधान राखून त्यांच्या हिरड्यांना साखर चोळली, म्हणून ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ते टिकले. हॉस्पिटलच्या त्या पडदा लावलेल्या खोलीत मी पोचले तेव्हा काका झोपले होते आणि काकू पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या. मी घाबरलेली होते, त्यामुळे चिडले.

"काकू, का परत पाठवलंत? काकांना काही झालं असतं म्हणजे?"

काकूंनी काकांची चादर नीट केली. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मला भिकारीण करू नकोस गं, मीनल. तो एवढा माणूस जिने चढून येतो, भरलेली पिशवी हातात देतो, आणि मी त्याच्या हातात रिकामी ठेवू? आमच्या सासूबाई उपाशी राहिल्या, पण कुणाचं भांडं रिकामं गेलं नाही त्या घरातून."

मला रडू आलं. त्यांचंही खरं होतं, डेनिसचंही खरं होतं, आणि पलंगावर काका झोपले होते. इतक्या वर्षांच्या ट्रेनिंगमध्ये, इतक्या मीटिंगांमध्ये, दोन्ही बाजू खऱ्या असल्या तर काय करायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. मग मला माझ्या आईची आठवण झाली.

"काकू, आमच्या घरी महिनाअखेरीला काहीच नसायचं. तेव्हा आई शेजारच्या वाटीत चिमूटभर साखर घालून परत द्यायची."

काकूंनी मान वर केली. "साखर?"

"नुसती चिमूटभर."

"आमच्या आईचंही तेच होतं," त्या म्हणाल्या. "साखर तर घरात असते."

काका घरी गेले, खोका पुन्हा सुरू झाला, आणि निळ्या पिशवीच्या तळाशी कागदाची एक छोटी पुडी यायला लागली. मी डेनिसला स्वतःहून सांगितलं, लपवाछपवी नको म्हणून. ती वैतागली. नियम सांभाळणाऱ्या खात्याच्या बाईंना व्हिडिओ कॉलवर घेतलं गेलं. चिमूटभर साखर ही भेटवस्तू आहे का, यावर मोठमोठ्या पगाराची माणसं गंभीर चेहऱ्याने बोलली. एकाने विचारलं, "पण हा पेशंट डायबेटिक आहे ना? मग साखर का?" मी म्हटलं, "साखर तो देतोय, खात नाहीये." त्याचा चेहरा बघून मला वाटलं, आता हा माणूस दिवसभर याच वाक्याचा विचार करणार. शेवटी डेनिसनेच तोडगा काढला. पिशवीत काही सांडलेलं असलं तर ती साफ करणं हे ड्रायव्हरचं काम आहे, आणि त्याची खबर तिला द्यायची गरज नाही.

काकूंचा स्टीलचा डबा मात्र हेक्टरकडेच राहून गेला होता. नियम सांगायच्या आधीच्या गुरुवारचा. तो मला विचारायचा, "नेऊन देऊ का?" मी म्हणायची, "नको बाबा. डबा दिसला की ती भरणार, आणि आपण दोघं पुन्हा डेनिससमोर." त्यामुळे डबा त्याच्या व्हॅनमध्ये पडून होता.

काका त्यानंतर साखर उतरून कधी आले नाहीत. वर्षभराहून जास्त काळ आमच्या डॉक्टरांनी त्यांचं इन्सुलिन बदललं नाही. वार्षिक सभेत आमच्या वरिष्ठांनी पडद्यावर चढत्या रेघा दाखवल्या आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मनात येत होतं, की नक्की काय लागू पडलं? खोका, की पुडी? खोका पुडीशिवाय दारातून आत जात नव्हता, आणि पुडीने कुणाचं पोट भरत नाही. मी हे उठून विचारलं नाही, कारण विचारायचं कसं तेच कळत नव्हतं.

मग एका गुरुवारी हेक्टर रिकाम्या पिशव्या ठेवायला आला आणि जाता जाता म्हणाला, "आज तुझ्या त्या लेडीच्या पिशवीत काही नव्हतं. विसरली वाटतं."

मी टाइप करायची थांबले. "काहीच नाही?"

"नीट बघितलं. पिशवी धुतलेली, घडी घातलेली. काहीतरी पार्टी होती तिच्याकडे. दाराबाहेर कितीतरी चपला-बूट होते. तिने गुपचूप पिशवी दिली."

आपल्याकडे घरात माणूस गेलं की सुतकात त्या घरातून बाहेर कुणाला काही देत नाहीत, साखरेचा दाणासुद्धा. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरला ते दोन दिवसांनी कळलं. मला त्या पिशवीने आधी सांगितलं.

"हेक्टर," मी म्हटलं, "ती विसरली नाहीये," आणि त्याला सुतकाचं सांगितलं. तो समोरच्या खुर्चीत बसला. ती खुर्ची त्याला लहान पडायची, तरी बसला.

काका झोपेत गेले, हृदय थांबून. मुलगी आली होती. फोनवर ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पण त्यांचं सगळं छान होतं ना?" मी "हो, बाळ," म्हटलं.

खोका बंद झाला. पेशंट काका होते, खोका पेशंटसाठी होता. काकूंना मधुमेह नाही, आमच्या क्लिनिकमध्ये त्यांचं नावही नाही. भूक काकांच्या नावावर होती, ती त्यांच्याबरोबर संपली असं धरायचं. मी डेनिसकडे जाऊन भांडले. ती म्हणाली, "मला कळतं, मीनल," आणि तिला खरंच कळत होतं, त्यामुळे भांडणही धड झालं नाही. दुसऱ्या एका संस्थेकडे काकूंसाठी अर्ज केला, तिथे वेटिंग लिस्ट होती. मुलगी "माझ्याकडे चल" म्हणत होती, आणि काकू तिलाही "नको" म्हणत होत्या. तो कितवा "नको" होता, देव जाणे.

तेरावं झालं. त्यानंतरच्या गुरुवारी हेक्टर त्याची ड्यूटी संपवून माझ्याकडे आला. हातात तोच स्टीलचा डबा.

"आता तरी द्यायला पाहिजे ना हा?"

"हो," मी म्हटलं. "पण रिकामा..."

"रिकामा नाहीये," तो म्हणाला आणि झाकण उघडलं.

आत साखर होती. काकूंच्या सगळ्या पुड्या त्याने दर गुरुवारी त्या डब्यात रिकाम्या केल्या होत्या. "मलाही डायबेटिस आहे, खाऊ शकत नाही," तो ओशाळून म्हणाला. "पण टाकवेना. हे चालेल का? तिचंच तिला परत देतोय असं होईल का?"

माझं आयुष्य असल्या प्रश्नांची उत्तरं देण्यात गेलं, असं लोकांना वाटतं. मला उत्तर माहीत नव्हतं. तेराव्यानंतर घर गोड करतात, एवढं माहीत होतं. "चल, जाऊ," म्हटलं.

काकूंनी दार उघडलं. कपाळ मोकळं. हेक्टरने डबा दोन्ही हातांनी पुढे केला. त्यांनी झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं, "सौ."वर ते जरासं थांबलं. मग झाकण उघडून त्यांनी आत पाहिलं आणि पाहतच राहिल्या. त्या माणसाने काय साठवून ठेवलंय, हे मला त्यांना सांगावं लागलं नाही. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "बसा," आणि आमचं काही न ऐकता चहाचं आधण ठेवलं. हेक्टरने बिनसाखरेचा मागितला आणि काकूंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो चमचाभर साखर घालून प्याला. मीही प्याले. क्लिनिकच्या नियमाप्रमाणे ती पेशंटकडून घेतलेली भेट होती की काय, ते माहीत नाही. काकू आमच्या पेशंटच नव्हत्या.

आम्ही निघालो. काकू म्हणाल्या, "थांबा." डब्यातली साखर त्यांनी आपल्या बरणीत ओतली, डबा धुतला, कोरडा पुसला. मग बरणीतली चिमूटभर साखर डब्यात घातली, झाकण लावलं आणि तो हेक्टरच्या हातात दिला.

खाली गाडीत हेक्टर डबा मांडीवर घेऊन बसला होता. गाडी सुरू करेना.

"हा तर पुन्हा माझ्याकडेच आला."

"हो."

"म्हणजे मला पुन्हा येऊन द्यावा लागणार?"

"गुरुवारी."

"आणि रिकामा आणायचा नाही."

"तेवढं कळलंय तुला."

"तेवढंच कळलंय," हेक्टर म्हणाला. "बाकी यातलं काहीच कळलं नाही."

"मलाही नाही," मी म्हटलं, आणि सीटबेल्ट लावला.